चौतीस सेल आणि गफूर उस्ताद

दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीतल्या शेवटच्या रविवारी, लातूरला औसा रोडवरच्या एका गॅरेजात माझ्या गाडीची मोठी बॅटरी बदलली. ठरलेली रक्कम एक लाख नव्वद हजार. कामगार सोडले तर हजर माणसं चार : मी, माझी पत्नी सुनंदा, गॅरेजचा मालक बालाजी आणि नांदेडचे गफूर उस्ताद.

यातल्या पहिल्या तिघांचं तिथे असणं साहजिक होतं. उस्तादांचं असणं मात्र मला आदल्या आठवड्यापर्यंत कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. बालाजी हा एके काळी त्यांचाच शागीर्द. त्यांनी त्याला दुकानातून काढलं, तो लातूरला गेला, आणि तेव्हापासून उस्तादांनी त्याचं नाव घेतलं नव्हतं. अगदीच उल्लेख करावा लागला तर ते 'अहमदपूरच्या पलीकडचा' असं म्हणत. नांदेडहून लातूरला जाताना वाटेत अहमदपूर लागतं, म्हणून. माझ्या गाडीच्या निमित्ताने त्यांना त्या पलीकडच्याच्या दारात उभं राहावं लागलं. ते कसे उभे राहिले, हे मी पाहिलं आहे, म्हणून लिहितो.

नांदेडला देगलूर नाक्याकडे गफूर उस्तादांचं पत्र्याचं दुकान होतं. पाटी नव्हती. कशाला हवी, असं ते म्हणत. ज्याच्या गाडीत करंट नाही तो विचारत विचारत येतोच. वय साठीच्या पुढे, उंची मध्यम, दाढी मेंदीने लाल केलेली, आणि अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. गॅरेजमध्ये पांढरा शर्ट घालणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नव्हता. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तेच मालक आहेत हे मला कळलंच नाही. कुणी गिऱ्हाईक असावं असं वाटून मी त्यांनाच विचारलं की उस्ताद कुठे भेटतील. त्यांना याचा मनापासून आनंद झाला. म्हणाले, "ज्याला ग्रीस लागतं तो मेकॅनिक. इलेक्ट्रिशियनचा शर्ट मळला तर समजायचं त्याला काम येत नाही."

हा अभिमान त्यांच्यात भरपूर होता आणि तो लपवायची त्यांना गरज वाटत नसे. आपण केलेल्या कामाची स्तुती ते स्वतःच करत, आणि ती ऐकायला दोन माणसं जास्त असली तर काम अधिक चांगलं होतं असंही त्यांचं म्हणणं होतं.

माझी गाडी हायब्रिड. पेट्रोलवरही चालते आणि बॅटरीवरही. हैदराबादला एका डॉक्टरांकडून मी ती जुनी घेतली आणि इथे आणून तिला नांदेडचा सव्वीस नंबर घेतला. नवी घेण्याची ऐपत नव्हती, पण लिटरला किती जाते याचा हिशेब मी तीन वेळा करून पाहिला होता आणि तो तिन्ही वेळा जमला होता. मी सरकारी खात्यात हिशेबाच्याच कामात आहे. हिशेबात एक गोष्ट मी धरली नव्हती, ती म्हणजे मागच्या सीटच्या पाठीशी असलेली मोठी बॅटरी. साधी बॅटरी बारा व्होल्टची. ही जवळजवळ अडीचशेची. आत हातभर लांबीचे चपटे चौतीस सेल एकाला एक जोडून पंगतीत बसवलेले.

हायब्रिड गाड्या नांदेडात पहिल्यांदा आल्या तेव्हा उस्तादांनी त्यांना नावं ठेवली होती. दोन घरचा पाहुणा उपाशी, असं ते उघड म्हणत. पेट्रोलवाला म्हणणार बॅटरीवाल्याकडे जा, बॅटरीवाला म्हणणार पेट्रोलवाल्याकडे; मालक मधल्यामध्ये रस्त्यावर. पण एक गाडी खरोखरच रस्त्यावर आली आणि कुणी हात लावेना, तेव्हा ते हैदराबादला जाऊन महिनाभर एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये राहिले. आपल्या मुलाच्या वयाच्या पोरांच्या हाताखाली. परत आले ते कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घेऊन. त्यानंतर पाहुणा उपाशी हे वाक्य त्यांनी कधीच म्हटलं नाही, आणि कुणी आठवण करून दिली तर ते आपण म्हटलंच नव्हतं, दुसऱ्या कुणी तरी म्हटलं होतं, असं ठामपणे सांगत.

त्यांची काम करण्याची रीत मी चार-पाच वेळा पाहिली. आधी गाडीभोवती सुतळी बांधायची. सुतळीच्या आत फक्त उस्ताद आणि शागीर्द. दोघांनीही घड्याळ, अंगठी, ताईत, जे काही अंगावर असेल ते काढून पानाच्या स्टीलच्या डब्यात टाकायचं. मग हातमोज्यात तोंडाने हवा भरून, तोंड पिळून बंद करून, तो कानाशी धरायचा. कुठे बारीक फुस्स ऐकू आलं तर त्या दिवशी काम बंद. एकदा एका बिल्डरने सुतळीवरून पाय आत टाकला. मला सगळं कळतं, असं म्हणत होता. उस्तादांनी त्याला हाताला धरून बाहेर काढलं. म्हणाले, "घरातली वीज झटका देऊन सोडते, ही धरून ठेवते. तुमची ओळख मंत्रालयापर्यंत असेल, हिला कुणाची ओळख नाही." बिल्डर रागावून गाडीत बसायला निघाला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की सुतळीच्या आतली गाडी आपलीच आहे.

मग बॅटरीवरचा नारिंगी प्लग ओढून काढायचा आणि खिशात ठेवायचा, म्हणजे दुसरं कुणी चुकून तो परत लावू नये. प्लग काढला तरी गाडीतला करंट लगेच मरत नाही. दहा मिनिटं थांबावं लागतं. ही दहा मिनिटं उस्तादांच्या गोष्टीची. खुर्चीवर बसून ते एखादा जुना किस्सा सुरू करत, रंगवत, आणि दहा मिनिटं झाली की वाक्य अर्धं तोडून उठत. काम सुरू झालं की तोंड बंद. नंतर विचारलं तर म्हणत, पुढच्या वेळी. धर्माबादच्या एका मिरचीच्या व्यापाऱ्याची गोष्ट मी अशी दोनदा अर्धी ऐकली होती. त्याच्या जीपचा हॉर्न सासुरवाडीच्या रस्त्याला वळलं की आपोआप वाजायचा. इतर कुठेच नाही. घरच्यांनी लिंबू बांधलं, मिरची बांधली, काही उपयोग नाही. शेवटी तो उस्तादांकडे आला, उस्तादांनी स्टिअरिंग उघडलं, आणि दहा मिनिटं झाली.

बालाजी त्यांच्याकडे नऊ वर्षं होता. चाकूरजवळच्या एका खेड्यातला, घरची थोडी जमीन असलेला, कमी बोलणारा मुलगा. त्याच्याविषयी उस्ताद तेव्हा सर्वांदेखत सांगत की माझ्या मुलाने कॉम्प्युटर धरला, माझा पाना याने धरला.

दोघांचं बिनसलं ते लातूरच्या एका डाळमिलवाल्या शेटजींच्या गाडीवरून. हायब्रिडची बॅटरी थंड ठेवायला एक पंखा असतो. तो मागच्या सीटच्या बाजूच्या जाळीतून हवा ओढतो. शेटजी मागच्या सीटवर तुरीची, हरभऱ्याची नमुन्याची पोती ठेवून बाजारात फिरत. पोत्यांनी जाळी बंद, आणि जी हवा आत जाई तिच्यात डाळीची बारीक चुणी. उस्तादांनी पंखा उघडला तेव्हा आतून ओंजळभर चुणी निघाली. ती त्यांनी कागदावर काढून शेटजींपुढे ठेवली आणि म्हणाले, "शेटजी, म्हशीला घालायचं ते बॅटरीला घालून राहिले तुम्ही."

इथवर सगळे हसत होते. मग एकेका सेलवर हेडलाइटचा बल्ब लावून तो किती दम धरतो ते तपासलं, आणि तीन सेल मेलेले निघाले. उस्तादांचा सिद्धांत असा की बॅटरी म्हणजे एकत्र कुटुंब. चौतीसपैकी तिघं आजारी पडले तर तिघांवर इलाज करायचा, सगळं घर कशाला बदलायचं. बालाजी म्हणाला, "न्हाई उस्ताद. समदे एकाच वयाचे हायती. तीन नवे घातले तर जुन्यांचा भार नव्यावर यील, अन् चार महिन्यानं दुसरे बसतील. समदाच सेट बदला." गिऱ्हाइकासमोर उस्तादांना कुणी काही सुचवणं हेच मुळात नवीन. उस्तादांनी तीन सेल बदलले. शेटजी खूष झाले, कारण पैसे कमी लागले.

चार महिन्यांनी, ऐन मे महिन्यात, शेटजींची गाडी अहमदपूरजवळ बंद पडली. गाडीत बायका-मुलं, सगळे लग्नाला निघालेले. शेटजींनी दुकानात फोन केला. उस्ताद नमाजाला गेले होते. फोन बालाजीने घेतला. आणि तो म्हणाला, "मी उस्तादांना म्हणलो होतो, समदे बदला म्हणून."

बालाजीचा गुन्हा तो एवढाच. सेलविषयी तो बरोबर होता, हे उस्तादांना नमाजाहून परतून फोनचं ऐकताच कळलं असणार. पण दुकानातली गोष्ट त्याने दुकानाबाहेर बोलून दाखवली. संध्याकाळी त्याची हत्यारं पोत्यात भरून दाराबाहेर ठेवलेली होती. ती उचलून तो गेला. पुढे शेटजींनीच त्याला लातूरला जागा काढून दिली आणि त्याचा जम बसला.

तेव्हापासून उस्तादांनी लातूरची गाडी घेणं बंद केलं. नंबरप्लेटवर चोवीस दिसलं की दुरूनच हात हलवत. माझा मेहुणा लातूरहून आमच्याकडे आला असताना त्याच्या गाडीची नुसती वायपरची तक्रार होती. मी त्याला घेऊन गेलो. उस्तादांनी त्याला चहा पाजला, घरची चौकशी केली, लातूरला पाणी कसं आहे ते विचारलं, आणि गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. मेहुणा म्हणाला, उस्ताद, नुसता वायपर आहे. उस्ताद म्हणाले, "तुमच्या गावात लई हुशार माणसं हायती. त्यांना दाखवा." परतताना मेहुणा मला म्हणाला, तुझा हा माणूस चहा चांगला पाजतो.

माझ्या गाडीचा दिवा लागला तो दोन वर्षांपूर्वीच्या त्या फेब्रुवारीत. तांबडा त्रिकोण, आणि पंखा मागून हेअर ड्रायरसारखा ओरडू लागला. कंपनीच्या माणसाने नव्या बॅटरीचा जो आकडा सांगितला तो मी घरी सांगितलाच नाही. त्याहून कमी किमतीत मी माझी पहिली दोन वाहनं मिळून घेतली होती. मी आणि सुनंदा गाडी घेऊन उस्तादांकडे गेलो. सुनंदा त्यांना राखी बांधत नसे, पण त्यांच्याशी बोलताना भावाशी बोलावं तशी बोलत असे, आणि तेही तिला भाभी म्हणत असले तरी वागवत बहिणीसारखं. मला ते 'हिशेबवाले' म्हणत.

सुतळी बांधली, डबा निघाला, प्लग खिशात गेला. नवा पोऱ्या त्यांनी ठेवलाच नव्हता. सुतळीच्या आत ते एकटेच. खुर्चीवर बसून त्यांनी धर्माबादची गोष्ट पुन्हा काढली. स्टिअरिंग उघडल्यापर्यंत आली. मी घड्याळ पाहिलं, दहा मिनिटं होत आली होती, आणि मी मनात म्हटलं, आताही राहणार. पण ते थांबले नाहीत. स्टिअरिंगखालची एक वायर डावीकडे पूर्ण वळवलं की घासत होती, आणि सासुरवाडीचं वळण तेवढं एकच इतकं तिखट होतं. उस्तादांनी वायर नीट केली. तेव्हा व्यापारी इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, उस्ताद, होती तशी करून द्या. वर्षभर सासरी न जायला तेवढंच कारण होतं.

आम्ही खूप हसलो. हसणं संपलं. दहा मिनिटं होऊन बराच वेळ झाला होता आणि उस्ताद खुर्चीतून उठले नव्हते.

मग ते उठले, हातमोजे चढवले, सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेला पाना घेतला आणि मागच्या बाजूने आत वाकले. सेलच्या ओळीवर दोन्ही कडांना नट असतात. पाना एका नटावरून घसरून दुसऱ्याला लागला तर मधल्या सगळ्या सेलचा करंट पान्यातून जातो. हे त्यांनीच आम्हाला पूर्वी सांगितलेलं. पाना नटावर बसेना. टक् टक् टक् असा बारीक आवाज येत राहिला, कुणी दात वाजवावेत तसा. त्यांनी उजवं मनगट डाव्या हाताने धरलं. आवाज थांबला नाही.

सुनंदा म्हणाली, "उस्ताद, बाहेर या."

ते तसेच वाकलेले. म्हणाले, थंडी आहे. नांदेडला त्या दिवशी पंखे लागले होते.

"तुमच्या शर्टाच्या बाहीवर चहाचा डाग आहे," ती म्हणाली. "आल्या आल्याच पाहिला मी. तुमच्या शर्टावर डाग मी आजवर पाहिलेला नाही. तुमचा हात हलतो आहे. तुमच्या जागी दुसरं कुणी असतं, तर तुम्ही त्याला सुतळीच्या आत येऊ दिलं असतं का?"

मला वाटलं ते चिडतील. ते सरळ झाले, पाना खाली ठेवला, हातमोजे एकेक बोट ओढून काढले आणि म्हणाले, "नसतं येऊ दिलं, भाभी." मग प्लग लावला, सुतळी गुंडाळली, आणि आज होणार नाही एवढं मला सांगितलं. गाडी घेऊन आम्ही परत आलो. वाटेत सुनंदा रडली. आपण बोललो ते बरोबर होतं, पण आपण बोलायला नको होतं, असं तिचं म्हणणं होतं. मी म्हटलं, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. असू शकतं, हे मला पुढे कळलं.

त्या आठवड्यात मी दुसरीकडे चौकशी केली नाही. शनिवारी उस्तादांचा फोन आला. उद्या सकाळी गाडी काढा, सेटची सोय झाली आहे, एकूण एक लाख नव्वद हजार पडतील, कमी-जास्त नाही. मी विचारलं, तुमच्या दुकानात किती वाजता येऊ. ते म्हणाले, "दुकानात नक्को. मला घरून घ्या. लातूरला जायचंय."

सकाळचं गार असताना निघालो. निघण्याआधी त्यांनी दारातच पंखा साफ केला होता आणि मला सूचना दिल्या होत्या : एसी लावायचा नाही, साठाच्या वर न्यायची नाही, ब्रेक हळू. ते पुढे बसले, नव्या पांढऱ्या शर्टात, गुडघ्यावर हातमोज्यांचा डबा. लोह्यापर्यंत ते भरपूर बोलले. त्यानंतर डब्याचं झाकण उघडत-मिटत राहिले. मी त्यांना विचारलं की सेटची सोय कुणामार्फत केली. शेटजींमार्फत, असं ते म्हणाले. शेटजींनी तिकडे फोन केला. म्हणजे उस्ताद स्वतः बालाजीशी अजून बोललेले नव्हते.

अहमदपूरच्या अलीकडे एका पेट्रोल पंपापाशी त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. खाली उतरले. आजूबाजूला काही नव्हतं, एक टपरी आणि लांबवर ज्वारी. आम्हाला वाटलं पाणी हवं असेल.

ते म्हणाले, "इथंच ती लेकरं उन्हात बसली होती. मला समजल्यावर मी यायला पाहिजे होतं. मी दुकानात बसून रागावून राहिलो. तो एसटीनं आला."

हे मला माहीत नव्हतं. फोन ठेवल्यावर बालाजी कुणाला न विचारता बस पकडून अहमदपूरला आला होता. गाडी हलवण्याची व्यवस्था करून, शेटजींच्या माणसांना दुसऱ्या गाडीने लग्नाला लावून देऊन, तो संध्याकाळी नांदेडला परतला होता, तेव्हा दाराबाहेर पोतं तयार होतं. उस्तादांनी ही गोष्ट इतकी वर्षं कुणालाच सांगितली नव्हती. सांगितली असती तर अहमदपूरच्या पलीकडचा दोषी ठरला नसता.

बालाजीचं गॅरेज मोठं होतं, फरशी घातलेलं. शेजारी कोचिंग क्लास होता; मुलं सायकली लावून आत जात होती. आम्ही उतरलो. बालाजी आतून बाहेर आला. सुनंदाने माझ्या हाताला हात लावून दाखवलं : त्याच्या अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट होता.

तो पुढे आला नाही आणि उस्तादही पुढे गेले नाहीत. मग बालाजी म्हणाला, "या उस्ताद. चोवीस नंबरच्या गावात कसं काय?" यात टोमणा होता, आणि तो टोमणा आहे हे त्याने लपवलं नाही. इतक्या वर्षांत कुणी तरी सांगितलंच असणार त्याला.

"गाडी सव्वीसची हाय," उस्ताद म्हणाले. "गावाशी माझं भांडण नव्हतं."

चहा आला. उस्तादांनी कप डाव्या हाताने घेतला. बालाजीने ते पाहिलं की नाही, सांगता येत नाही. काम सुरू करायची वेळ झाली तेव्हा तो आत गेला, नवे हातमोजे आणले आणि दोन्ही हातांनी उस्तादांपुढे धरले. या लोकांत रीत अशी की उस्ताद समोर असेल तर पहिला नट त्यानेच सोडायचा. त्याचे दोन कामगार बाजूला उभे राहून पाहत होते. त्यांनी या माणसाविषयी ऐकलेलं असावं. उस्तादांनी नुसते हातमोजे घेऊन परत दिले असते, उपचार म्हणून, तरी चाललं असतं. कुणाला काही कळलं नसतं.

ते म्हणाले, "माझा हात हलतो, बालाजी. तू सोड."

नाव घेतलं ते इतकं सहज, की मधल्या वर्षांत ते कधी थांबलंच नव्हतं असं वाटावं.  बालाजीने विचारलं, किती बदलायचे. हे विचारायची खरं तर गरज नव्हती, कारण पूर्ण सेटचा खोका भिंतीशी उघडून ठेवलेला होता.

"समदे," उस्ताद म्हणाले. "तवाबी समदेच बदलायचे होते."

एवढंच. कामगार एकमेकांकडे पाहू लागले. बालाजीने मान खाली घातली, हातमोज्यात हवा भरली आणि कानाशी धरला.

गाडीभोवती सुतळीऐवजी इथे प्लास्टिकचे तांबडे खांब आणि साखळी होती. उस्तादांसाठी त्याने खुर्ची साखळीच्या आत ठेवली. उस्तादांनी ती उचलून बाहेर ठेवली आणि बसले. जुने सेल बाहेर येईपर्यंत तिथून ते एकदाच बोलले. बालाजी वाकला तेव्हा म्हणाले, "अंगठी." हातमोज्याखाली बोटावर फुगवटा दिसत होता. बालाजी बाहेर आला, हातमोजा काढला, लग्नाची अंगठी काढून टेबलावर ठेवली, हातमोज्यात पुन्हा हवा भरून पाहिली, आणि पुन्हा आत गेला. त्याच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे आलं त्याला मी हसू म्हणेन, पण खात्री देत नाही.

जुने चौतीस सेल बाहेर आले. बालाजीने ते जमिनीवर मांडले आणि उस्तादांनी न उठता, बुटाच्या टोकाने दाखवत, कोणते मेलेले असतील ते सांगितलं. बालाजीने बल्ब लावून पाहिलं. दोन बरोबर निघाले, एक चुकला. उस्ताद म्हणाले, तो उद्या मेला असता.

दुपारी नवा सेट बसला. हायब्रिड गाडी सुरू झाली तरी आवाज करत नाही. समोरच्या पडद्यावर हिरवी अक्षरं आली आणि तांबडा त्रिकोण गेला. बालाजीने मला एक फेरी मारायला लावली. परत येईपर्यंत ते दोघं बाजूबाजूला बसून एका हॉर्नच्या रिलेविषयी वाद घालत होते, आणि सुनंदा मध्ये बसून दोघांनाही गप्प राहायला सांगत होती.

उस्ताद त्या दिवशी आमच्याबरोबर परतले नाहीत. बालाजीच्या घरी जेवण होतं, त्याच्या बायकोने मुक्कामाचं सांगितलं होतं. पुढच्या महिन्यात त्यांनी नांदेडचं दुकान बंद केलं आणि हाताच्या इलाजासाठी हैदराबादला मुलाकडे गेले ते तिकडेच राहिले. फोन करतात. पंख्याची जाळी साफ केली का, हा पहिला प्रश्न. तब्येतीचं ते आपण विचारायचं. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते लातूरला, पैसे देण्याच्या वेळी.

मी बालाजीला विचारलं, सेटचे किती आणि मजुरी किती. सेटचे एक लाख अठ्ठ्याहत्तर हजार, तो म्हणाला, आणि तेवढ्यावर थांबला. मजुरीचे बारा हजार राहतात, असं मी म्हटलं. तो मान हलवून म्हणाला की उस्तादांसमोर केलेल्या कामाची मजुरी शागीर्दानं घ्यायची नसते. ती उस्तादांची. मी उस्तादांकडे वळलो.

उस्ताद म्हणाले, "माझी न्हाई. त्यानं केलं, त्याची हाय."

"तुमच्यासमोर मी घेत न्हाई," बालाजी म्हणाला.

मी पैसे हातात धरून मध्ये उभा. दोघंही हटेनात. मग उस्ताद खुर्चीतून उठले. म्हणाले, "बरं. मग मी समोर न्हाई." आणि ते गॅरेजच्या बाहेर गेले, रस्त्याच्या कडेला भर उन्हात उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून. रस्त्यावरून टेम्पो जात होते, क्लास सुटून मुलं बाहेर पडत होती. पांढरा शर्ट पाठीवर घामाने चिकटला होता. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. बालाजी त्या पाठीकडे बराच वेळ बघत राहिला, आणि मग त्याने हात पुढे केला.

सेटचे एक लाख अठ्ठ्याहत्तर हजार आणि मजुरीचे बारा हजार, असे एक लाख नव्वद हजार रुपये मी बालाजीला दिले.